तू काय, तू तयारच आहेस

मोशीहून मुलाणी सरांचा पुतण्या सायकलवरून आला तेव्हा मी क्वार्टरच्या मागच्या अंगणात दाढी करत होतो. त्यानं सायकल भिंतीला टेकवलीही नाही. हँडल धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "काका, चाचा गेले. पहाटं. दुपारच्या नमाजानंतर माती हाय." एका गालाला साबण तसाच होता, आणि मी "बरं" म्हणालो. माझी पत्नी सुमन आतून आली, तिनं त्या पोराला पाणी दिलं, आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे आता तुमचं..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. गेली कितीतरी वर्षं आमच्या घरात तेच एक वाक्य अर्धवट लोंबकळत होतं.

डॉ. मुलाणी हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्यांच्या नावावर गाजलेला शोध नाही, आणि कुठल्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं जाईल असंही नाही. पिंपरीच्या बाजूला एका औषध कारखान्याच्या संशोधन विभागात त्यांनी आयुष्य काढलं. आमच्याकडे मोठाल्या टाक्यांत बुरशी वाढवून तिच्यापासून औषध काढत. त्या बुरशीचं मूळ वाण एका खोलीत, काचेच्या नळ्यांमध्ये जपलेलं असे. कागदोपत्री त्या खोलीला भारदस्त इंग्रजी नाव होतं. सर मोशीचे, कांद्या-ज्वारीत वाढलेले. ते तिला बियाण्याची खोली म्हणत, आणि हळूहळू साहेबांपासून शिपायांपर्यंत सगळेच तसं म्हणू लागले. पण बुरशी काही कणगीतल्या धान्यासारखी निमूट पडून राहत नाही. ती मुदतीमुदतीनं एका नळीतून दुसऱ्या नळीत न्यावी लागते, आणि प्रत्येक खेपेला तिची जात थोडी घसरण्याचा धोका असतो. काचेच्या थाळीवर ठिपक्यांसारख्या वसाहती उगवतात. त्यातली मूळ वाणाची कुठली आणि वाया गेलेली कुठली, हे नजरेनं निवडावं लागतं. ही नजर यायला दोन वर्षं जातात. काहींना ती येतच नाही. निवड चुकली तर टाक्याच्या टाक्या ओतून द्यायची वेळ. म्हणून व्यवस्थापनाचा एक नियम होता, आणि या लेखातलं सगळं त्या नियमाभोवती फिरतं: बियाण्याच्या खोलीला जाणती माणसं कायम दोन हवीत. तिसरा तयार झाल्याशिवाय त्या दोघांतल्या कुणालाही कारखाना सोडता येणार नाही. पहिले सर. आणि १९६५ सालापासून दुसरा मी.

खोलीला खिडकी नव्हती. वाऱ्यावर इतर जंतू येतात म्हणून पंखाही नव्हता. एकामागे एक अशी दोन दारं, तोंडावर मलमलीची पट्टी, समोर बर्नरची निळी ज्योत. उन्हाळ्यात पाठीवरून घाम ओघळून स्टूल ओलं होई. बाहेर पाऊस पडतोय की ऊन आहे हे आम्हाला नवा माणूस आत आला की त्याच्या चपलांवरून कळे. मी पुण्याहून एम. एस्सी. होऊन आलो तेव्हा इथं दोन-तीन वर्षं अनुभव घ्यावा आणि मग कुठल्यातरी मोठ्या संस्थेत पीएच. डी.ला जावं असा बेत होता. बेत माझाच होता असंही नाही. त्या वेळी आमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येकाचा तोच असे. आणि तो तडीस नेण्याचं काम, कुणी न सांगता, सरांनी अंगावर घेतलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ते नव्या माणसाला घेऊन कारखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत जात. भिंतीपलीकडे रेल्वेचे रूळ. डब्यातली भाकरी भिंतीवर ठेवून, उभ्यानंच खात, ते विचारत, "तुला कंटाळा कशाचा येत नाही?" माणूस गडबडून आपल्या आवडीचा विषय सांगू लागे. सर हात हलवत. "आवड कुणालाही कशाचीही असते रे. ती लग्नासारखी, पहिले सहा महिने. कंटाळा कशाचा येत नाही ते सांग. जन्म त्यावर काढायचाय." अनंत केळकर म्हणाला, आकडेमोडीचा. सरांनी त्याला टाक्यांमधल्या हवेच्या आणि उष्णतेच्या गणितांकडे वळवलं. लातूरकडून आलेला बिराजदार म्हणाला, "सर, खरं सांगू का, मला तर समद्याचाच कंटाळा येतो बघा." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मग तू साहेब होणार, लेका!" आणि तो झालाही. मुंबईच्या एका कंपनीत आज त्याच्या केबिनबाहेर दिवा आहे.

हिंदुस्थानातल्या कुठल्या प्रयोगशाळेत काय चाललंय, कुठला प्राध्यापक कसा, हे त्यांना कुठून कळे ते मला कधीच कळलं नाही. ते म्हणत, "इमारत बघून जागा निवडू नको. गाईड बघ. आणि गाईड कसा आहे ते गाईडला विचारू नको, त्याच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याला विचार... की तू अजून इथं का आहेस?" मुलाखतीची तयारी ते त्या भिंतीशीच करून घेत. तयारी म्हणजे एकच वाक्य: मला माहीत नाही. "म्हण. अजून मोठ्यानं. मालगाडी येतीय, तिच्यावर ऐकू आलं पाहिजे." आणि केळकरसारखा भिडस्त मुलगा, मालगाडीच्या खडखडाटात, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत असे, "मला माहीत नाही, सर!" पुढे मोठमोठ्या तज्ज्ञांसमोर तो शांतपणे हेच म्हणाला आणि निवडला गेला.

माझी पाळी आली तेव्हा मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, "थांबण्याचा. थाळीवर काही उगवेपर्यंत बसून राहण्याचा मला कंटाळा येत नाही." सर हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते रुळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दामले, मग तुझीच मला भीती वाटते."

ती भीती खरी ठरायला फार वर्षं लागली नाहीत. केळकर तिसरा माणूस म्हणून तयार झाला तो मुळात मला सुटता यावं म्हणून. मीच त्याला शिकवलं. माझा बंगलोरचा अर्ज भरून झाला होता, सुमननं भांडी कुठली न्यायची ते ठरवलं होतं. तेवढ्यात त्याच संस्थेत केळकरच्या गणितांना नेमकी जुळणारी जागा निघाली. सर मला भिंतीशी घेऊन गेले. मग म्हणाले, "अनंताच्या घरी धाकटी तीन आहेत. यंदा गेला नाही तर तो कधीच जाणार नाही, गावी मास्तर होईल. तू काय, तू तयारच आहेस. तू पुढच्या वर्षी जा." मी म्हणालो, "बरं, सर." मला ते पटलंही होतं. आजही पटतं, हीच तर अडचण आहे.

पुढच्या वर्षी आलेला नवा माणूस नजर यायच्या आत सोडून गेला. त्याच्यामागून बिराजदार आला. दोन वर्षांनी तोही तयार झाला, आणि तयार झाला रे झाला की सरांना त्याच्यात काहीतरी दिसू लागलं. हा इथं कुजेल, याला बाहेर काढलं पाहिजे. हे त्यांचं दुखणंच होतं. माणूस जितका चांगला निघे तितका तो त्यांना डांबून ठेवल्यासारखा वाटे, आणि त्याच्यासाठी ते दार शोधू लागत. आणि ज्याच्यासाठी हा तिसरा माणूस घडवला तो मी, दर वेळी "तयारच" असे. बिराजदार जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "दामलेसाहेब, तुमी लई मोठं काम करायलात बघा." मी त्याचा होल्डॉल बसमध्ये चढवून दिला. घरी आल्यावर सुमन म्हणाली, "तुमचं स्टेशनमास्तरासारखं झालंय. सगळ्या गाड्यांना हिरवं निशाण दाखवायचं, आणि स्वतः हलायचं म्हणून नाही." मी हसलो. तीही हसली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कुणी विचारील, तुम्ही भांडलात का नाही? एकदा मी बोललो होतो. १९७७ साल असेल. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. वयाची मर्यादा उलटून गेली होती. मी तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "आता मी तयार नाही, सर. आता मी उशिरा आहे." याहून कडू बोलणं मला साधलं नाही. सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार उघडा दिसे. "मी अडकलो ते मला कळत होतं," ते म्हणाले. "मला परदेशी जायचं होतं तेव्हा खोलीला दुसरा माणूस नव्हता. तेव्हा ठरवलं होतं, इथं आणखी कुणाला असं बसू द्यायचं नाही. आणि तू माझ्या शेजारीच बसून होतास..." त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवायला भिंतीशी गेले नाहीत.

मग त्यांनी एक वेगळीच शोधाशोध सुरू केली. आतापर्यंत हुशार, धडपड्या, पुढे जाणारी मुलं शोधली. आता त्यांना असा माणूस हवा होता ज्याला कुठंच जायचं नाही. उमेदवार समोर बसला की ते विचारत, "पुढं काय करायचं मनात आहे?" आणि त्यानं उमेदीनं काही सांगितलं की सर खिन्न होत. शेवटी महाळुंग्याचा संपत आला. बी. एस्सी. झालेला, घरची शेती, पहाटे पाणी धरून मग कारखान्याला येणारा. सरांनी त्याला तो जुना प्रश्न विचारला. संपत म्हणाला, "कंटाळा तसा कशाचाच न्हाई, सर. पर गाव सोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो." सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याला मिठीच मारली. संपत घाबरून माझ्याकडे बघू लागला. नोकरी मिळाली म्हणून साहेब मिठी मारतो हे त्याला कुठं ठाऊक असणार! त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण काहीतरी भयंकर कबूल केलं.

संपतला नजर यायला दोनाची तीन वर्षं लागली, पण आली ती पक्की आली. दरम्यान सरांनी बंगलोरला केळकरशी बोलणं केलं. केळकर आता तिथं स्वतःची प्रयोगशाळा सांभाळत होता. वयाची अट त्याच्या हातात होती. "तुझ्या शिष्याच्या हाताखाली जायचं, कमीपणा वाटेल का?" सरांनी विचारलं. मी म्हणालो, "सर, मला कुणाच्याही हाताखाली चालेल. फक्त खोलीला खिडकी पाहिजे." ते मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. दिवाळीनंतर मी जायचं ठरलं. सर आणि संपत, दोन जाणती माणसं, मी मोकळा. सुमननं पुन्हा भांडी काढली.

श्रावणात सरांना अर्धांगाचा झटका आला.

मी मोशीला गेलो तेव्हा ते ओसरीवर खाटेवर होते. उजवी बाजू गेली होती, जिभेला जडपणा होता, पण शब्द कळत. वहिनी, म्हणजे सरांची पत्नी, उशाशी बसून त्यांच्या हाताला तेल लावत होत्या. खोलीला पुन्हा दोनच माणसं उरली होती, मी आणि संपत. हे मी बोललो नाही, पण सरांना ते माझ्या आधीच ठाऊक होतं. ते म्हणाले, "केळकरला सांग... थोडं थांब म्हणावं. मी उठलो की तू सुटलास." मी म्हणालो, "त्याचा विचार करू नका." त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या मानानं ती पकड फार घट्ट होती. "दुसरा कसला विचार करू?"

ती शेवटची भेट. त्यानंतर पुतण्या आला तोच.

मोशीच्या कब्रस्तानात त्या दुपारी कारखान्यातले आम्ही पुष्कळजण होतो. माती द्यायला रांग लागली. गावातले त्यांचे भाऊबंद आमच्याकडे वळून वळून बघत होते. आपला माणूस तिकडं नेमकं काय करत होता ते त्यांना नीटसं माहीत नसावं. एका म्हाताऱ्यानं मला विचारलंच, "सायेब, आमचा भाऊ तुमच्यात मोठा हुता का?" मी म्हणालो, "हो." "मग बंगला का न्हाई बांधला?" सरांनी जे बांधलं ते सगळं दुसऱ्या गावांना होतं.

चाळिसाव्याला मी आणि सुमन गेलो. जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला ओसरीच्या टोकाला बोलावलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. कमरेच्या उंचीवर, पांढऱ्या चुन्यावर, तेलकट हाताचा एक लांबच लांब पट्टा उमटला होता. "रोज सकाळ-सांज भिंतीला धरून चालायचे," वहिनी म्हणाल्या. "डाक्टर म्हणले, येवढं करू नका. ऐकायचे न्हाईत. मी म्हणायची, अवं, कुठं जायाचंय तुमाला? तर म्हणायचे, मला न्हाई जायाचं. दामल्याला सोडवायचाय." मी त्या पट्ट्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी मनात त्यांच्यावर जो राग धरला होता तो त्या ओसरीवर विरून गेला, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. राग आहेच. फक्त आता तो कुणावर धरायचा ते कळेनासं झालं आहे.

सध्या खोलीत मी, संपत आणि शैला नावाची एक नवी मुलगी असतो. चिंचवडची आहे, याच वर्षी एम. एस्सी. झाली. पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की हिचा हात फार चांगला आहे. आणि लगेच मनात आलं, हिला इथं ठेवणं बरं नव्हे, मद्रासला अमुक प्रयोगशाळेत... मी दचकलो. मुद्दाम संपतसमोरच तिला म्हणालो, "शैला, क्रम नीट ऐकून घे. दोन वर्षांत तू तयार होशील. मग आधी मी जाणार. मग तू तुझ्या जागी माणूस शिकवायचास, आणि मग तू." ती म्हणाली, "आणि संपतराव?" संपत म्हणाला, "मी हितंच हाय, ताई. माझी ज्वारी काय बंगलोरला येतीय व्हय?" केळकरला मी कळवलं आहे. तोवर त्याच्याकडे जागा राहील का, तोही सांगू शकत नाही. पण 'आधी मी जाणार' हे वाक्य मी एकदा मोठ्यानं बोललो आहे.

शेवटच्या भेटीतली एक गोष्ट वर लिहायची राहिली. आमच्या कामात नळीचं कापसाचं बूच काढलं की ते खाली ठेवायचं नसतं. डाव्या हातात नळ्या, उजव्या हातात बुरशी उचलायची तार, आणि बूच उजव्याच हाताच्या करंगळीत मिटून धरायचं. काम होईतो करंगळी उघडायची नाही. सरांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. त्या दिवशी ओसरीवर त्यांचा गेलेला उजवा हात गोधडीवर पडला होता. चार बोटं सैल, उघडी. करंगळी तेवढी आत मिटलेली, आणि वहिनी तेल लावून लावून ती सरळ करू बघत होत्या.

परवा शैलानं पहिल्यांदा एकटीनं सगळ्या नळ्या पुऱ्या केल्या. बाहेर आलो, तिनं पट्टी उतरवली आणि हात धुवायला नळाशी उभी राहिली. मग हसतच म्हणाली, "अय्या, सर, हे बोट सरळच होत नाहीये!" मी म्हणालो, "काम झालं की ते आपण आठवणीनं उघडायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं." तिनं बोट उघडलं, झटकलं, आणि डबा घेऊन निघून गेली. नळ तसाच चालू होता. मी माझा हात पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या हातानं करंगळी उघडू लागलो... ती लगेच उघडली नाही.